लवंगी माळ

घरात एक मांजर असेल, तर लोक तुम्हाला 'मांजरप्रेमी' म्हणतात. दोन असली की 'मांजरवाले' म्हणतात. आणि तिसरं आलं, की लिफ्टमध्ये जरा सरकून उभे राहतात. आमच्याकडे तिसरं आलंय.

दोन होती तेव्हा घर तसं निवांत होतं. भाऊसाहेब नऊ वर्षांचे. पावणेसहा किलो वजन, वर काळा कोट, खाली पांढरा शर्ट आणि चेहऱ्यावर रिटायर्ड मामलेदाराचा भाव. दुसरी बेबी, पाच वर्षांची, तीन रंगांची. (तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि केशरी-काळं दोन्ही एकाच अंगावर दिसायला दोन एक्स लागतात. पार्टीत सांगायला बरं पडतं.) दोघांचा दिवस ठरलेला. सकाळी बाल्कनीतलं ऊन, दुपारी सोफ्याची दोन टोकं, रात्री आमच्या बेडवर आमच्यापेक्षा जास्त जागा. एकमेकांवर प्रेम वगैरे नव्हतं, पण सरकारी ऑफिसातल्या दोन जुन्या सहकाऱ्यांसारखं छान जमलेलं होतं.

जूनअखेरच्या एका धो धो पावसात आमच्या पार्किंगमधल्या गाडीच्या बॉनेटमधून आवाज यायला लागला. वॉचमनकाका, माझा नवरा आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक अशा तिघांनी तासभर खटपट करून मूठभर ओलं काहीतरी बाहेर काढलं. वजन सहाशे ग्रॅम. त्या सहाशे ग्रॅमने मेकॅनिकला दोन ठिकाणी चावा घेतला. (त्याला आधी इंजेक्शनला नेलं. भटक्या पिल्लाचा चावा हा 'काही होत नाही हो' म्हणून सोडून द्यायचा विषय नाही.) आई कुठे दिसेना, दोन दिवस वाट पाहिली तरी आली नाही. नाव नवऱ्याने ठेवलं : लवंगी. मिरचीवरून की फटाक्यावरून हे त्याने सांगितलं नाही, पण महिन्याभरात दोन्ही लागू पडलं.

लवंगी एकदा वाजून थांबत नाही, माळ लागते. पडदा, पडद्यावरून रॉड, रॉडवरून पुस्तकांचं कपाट, तिथून फ्रिज, फ्रिजवरून थेट ओटा, आणि ओट्यावर परातीत मळून ठेवलेली कणीक. "ताई, तुमच्या बारकीने परत कणकेत पाय घातला," असं मावशी आता बातम्या दिल्यासारखं सपाट आवाजात सांगतात. माझ्या लॅपटॉपवरून तिने एका क्लायंटला पंधरा ओळींचं 'ळ' पाठवलंय. (क्लायंटने 'नोटेड' असं उत्तर दिलं.) दीड दिवसाच्या गणपतीत तिला सगळ्या आरासीत एकाच गोष्टीत रस होता : बाप्पाच्या पायाशी बसलेल्या शाडूच्या उंदरात. आरतीच्या वेळी ती टीपॉयखालून त्याच्यावर दबा धरून बसली होती, बूड हलवत. तो दीड दिवस तिने बहुतांश गेस्टरूममध्ये काढला.

आणि पहाटे पावणेचार. त्या वेळी आमच्या हॉलमध्ये रोज घोड्यांची शर्यत असते. एकच घोडा, पण तो सोफा, टीव्ही युनिट, खिडकीचं ग्रिल आणि शेवटी नवऱ्याचं पोट असा पूर्ण ट्रॅक वापरतो.

हा वेडेपणा नाही, हे मी मुद्दाम सांगतेय. कारण 'हायपर आहे', 'डोक्यावर पडलंय' असं म्हणून लोक विषय संपवतात. मांजर हा पहाटे आणि संध्याकाळी, अंधूक उजेडात शिकार करणारा प्राणी. दिवसाचे निम्म्याहून जास्त तास झोपायचं आणि उरलेल्यात पाच-दहा मिनिटांचे स्फोट, असाच त्याचा कारभार असतो. पिल्लू चौथ्या आठवड्याच्या आसपास भावंडांशी मस्ती करायला लागतं, सातव्या-आठव्यापासून वस्तूंच्या मागे लागतं. बघणं, दबा धरणं, धावणं, झडप, चावा ही सगळी शिकारीची साखळी. ती खेळत नसते, शिकवणी चाललेली असते. फरक इतकाच, की आईने वाढवलेल्या पिल्लाच्या शिकवणीत बरोबर तीन-चार भावंडं असतात. कुणाला जोरात चावलं की ते ओरडतं, खेळ सोडून जातं. अशाने पिल्लाला कळतं, दात कुठवर लावायचे. लवंगी बॉनेटमधून एकटीच आली. तिच्या क्लासमध्ये विद्यार्थी एक, आणि सराव करायला समोर कोण? तर रिटायर्ड मामलेदार!

आता तुम्ही म्हणाल, ओळख नीट करून दिली नसेल. दिली होती हो. पुस्तकात लिहिलेली सगळी. आधी दोन आठवडे गेस्टरूममध्ये वेगळी, डॉक्टर, जंताचं औषध, लसीकरणाची सुरुवात. बाहेरून आलेलं पिल्लू सरळ घरातल्या मांजरांत सोडायचं नसतं, पिल्लांना होणारा पॅनल्युकोपेनिया हा फार वाईट आजार असतो आणि त्याचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो. मग टॉवेलांची अदलाबदल, म्हणजे तिचा वास यांना, यांचा तिला. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवणाचे बाऊल. मग दारात मच्छरदाणीची जाळी लावून नुसतं दर्शन. अठरा दिवस हा साखरपुडा चालला होता. बेबी दोन दिवस फिस्कारली, तिसऱ्या दिवशी तिने लवंगीच्या टाळक्यात एक चापट दिली, नखं आत ठेवून. लवंगी दोन पावलं मागे गेली, बसली, पंजा चाटला आणि पुन्हा आली. पुन्हा चापट. आठवड्याभरात दोघींचा करार झाला.

भाऊसाहेबांनी काहीच केलं नाही. फिस्कारले नाहीत, मारलं नाही. लवंगी शेपटीला लटकली, की उठून दुसऱ्या खोलीत जायचे. तिथे आली, की कपाटावर. घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "किती समजूतदार आहेत ना भाऊसाहेब!"

ऑगस्टच्या मध्यावर एका संध्याकाळी हे समजूतदार गृहस्थ लिटर ट्रेमध्ये जाऊन बसले. बसले ते बसलेच. बाहेर आले, पाच मिनिटांत पुन्हा गेले. ट्रेमध्ये काहीच नाही. मग बाथरूमच्या पायपुसण्यावर, मग नवऱ्याच्या ऑफिसबॅगेवर. तिथे दोन थेंब, गुलाबीसर. आणि एक आवाज, जो नऊ वर्षांत आम्ही ऐकला नव्हता. खोल, पोटातून आलेला.

बोका पाळणाऱ्या प्रत्येकाने एवढी एक गोष्ट फ्रिजवर लिहून लावावी. बोका वारंवार ट्रेमध्ये जातोय, जोर करतोय आणि लघवी होत नाहीये, तर ते बद्धकोष्ठ समजून सकाळची वाट पाहायची नाही. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. ती तुंबली की मूत्राशय फुगतं, किडनीवर उलटा दाब येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि ते हृदयाला धोक्याचं. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्रीचे साडेदहा वाजले असले तरी निघायचं. आम्ही निघालो.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, "संत्र्याएवढं झालंय." भूल देऊन कॅथेटर घातला, सलाइन लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं. सोनोग्राफीत खडा नव्हता. मूत्राशयाला सूज, त्याचा चिकट गाळ, आणि त्या गाळाचं बूच. "घरात काही बदल झालाय का गेल्या महिन्या-दोन महिन्यांत?" डॉक्टरांनी विचारलं. मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे. त्याच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत त्या बदलाच्या सह्या होत्या.

सासूबाई तेव्हा सांगलीहून आल्या होत्या. त्यांना हे सगळं पटेना.

"अगं, मांजराला कसलं आलंय टेन्शन? आमच्या वाड्यात आठ-आठ मांजरं असायची."

"आई, वाड्यात छप्पर होतं, परसू होतं, धान्याची खोली होती. नाही पटलं तर मांजर भिंतीवरून उडी मारून शेजारी जायचं. इथे कुठे जाणार? सव्वासातशे फूट कार्पेट."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमचा एक बोका गेला होता खरा निघून. धाकटा आल्यावर."

टेन्शनची गोष्ट मात्र डॉक्टरांच्या मनची नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत टोनी बफिंग्टन नावाच्या प्राध्यापकांनी मांजरांच्या या मूत्राशयाच्या दुखण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचा, जूडी स्टेला आणि लिंडा लॉर्ड यांच्यासोबतचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ३२ मांजरं, ७७ आठवडे. त्यातल्या २० मांजरांना हे दुखणं होतं, १२ ठणठणीत होती. खाण्याची वेळ, सांभाळणारं माणूस, सगळं ठरलेलं. ज्या आठवड्यांत ही घडी विस्कटली, त्या आठवड्यांत आजारपणाच्या खुणा वाढल्या : कमी खाणं, उलट्या, ट्रेबाहेर घाण. आणि माझ्या दृष्टीने खरी मेख ही, की ठणठणीत मांजरांमध्येही त्या वाढल्या. म्हणजे 'आमचं मांजर मुळातच नाजूक' असं म्हणायची सोय नाही.

इथे कुत्र्यांची सवय असलेल्यांचा घोटाळा होतो. कुत्रा मुळात कळपातला. भांडण झालं तर मिटवायचे त्याच्याकडे दहा प्रकार असतात. आपल्या घरातलं मांजर आलं ते आफ्रिका-पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून, आणि ते एकट्याने शिकार करणारं. भांडण मिटवणं त्याला फारसं शिकवलेलंच नाही, ते भांडण टाळतं. जर्मन अभ्यासक पाउल लाइहाउझन यांनी मांजरांचं निरीक्षण करून ठेवलंय, की ती जागा वेळेनुसार वाटून घेतात. सकाळची खिडकी तुझी, दुपारची माझी. समोर दुसरं दिसलं तर थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं. आता ही व्यवस्था ज्याला वेळ म्हणजे काय आणि थांबायचं म्हणजे काय हेच माहीत नाही अशा दीड किलोच्या रॉकेटला कोण समजावणार? मग टाळणारं मांजर टाळतच जातं. खिडकी सोडतं, सोफा सोडतं, बेड सोडतं. आवाज अजिबात होत नाही. आवाज सगळा पिल्लाचा असतो, त्यामुळे आपलं लक्षही पिल्लाकडेच असतं.

भाऊसाहेब घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरून काम करत होते आणि पॅसेज माझ्या टेबलावरून दिसतो. लवंगी बाथरूमच्या दारामागे बसली होती. आमचे दोन ट्रे तिथेच, शेजारीशेजारी. बेबी आत जाऊन आली, तिला काही नाही. भाऊसाहेब पॅसेजच्या तोंडाशी आले, दार बघितलं, दोन मिनिटं उभे राहिले आणि मागे फिरले. तिने काही केलंही नव्हतं. फक्त दाराच्या फटीतून शेपटीचं टोक हलत होतं.

आता प्रश्न उरला तो आमचा. नवऱ्याच्या ऑफिसातलं एक जोडपं लवंगीला घ्यायला तयार होतं. औंधला फ्लॅट, घरात दुसरं मांजर नाही, खिडक्यांना जाळ्या, माणसं चांगली. आणि मला हे स्पष्ट म्हणायचंय, की असं घर मिळत असेल तर पिल्लू देणं यात काही पाप नाही. आपल्याकडे 'एकदा घेतलं की घेतलं' असं छातीवर हात ठेवून सांगायची फॅशन आहे, आणि त्या छातीचा भार मात्र घरातलं म्हातारं मांजर उचलतं. नऊ वर्षांचा हक्क आधीचा. आम्ही दोघांनी ठरवलं : एक महिना. तेवढ्यात भाऊसाहेबांचं दुखणं उलटलं, किंवा ते कपाटावरून खाली उतरलेच नाहीत, तर लवंगी औंधला. त्या जोडप्यालाही तसं सांगितलं. ते थांबायला तयार झाले, हा त्यांचा मोठेपणा.

महिन्याभरात सगळ्यात आधी हलले ते संडास. नियम असा, की जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त. म्हणजे तिघांना चार. आणि शेजारीशेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या हिशेबात एकच, कारण एकाच दारावर पहारा ठेवून दोन्ही अडवता येतात. आता एक बाथरूममध्ये, एक बाल्कनीत, एक गेस्टरूममध्ये आणि एक आमच्या बेडरूममध्ये, नवऱ्याच्या बाजूला. चार संडास मांजरांना, दोन माणसांना. पाहुण्यांना आम्ही आधी कल्पना देतो.

बेडरूम भाऊसाहेबांची झाली. त्यात ट्रे, पाणी, जेवण आणि खिडकीशी एक फळी. दुपारी दोन ते पाच आणि रात्री अकरा ते सहा दार बंद. बेबीला प्रवेश आहे, लवंगीला नाही. लोक उलट करतात, दंगेखोर पिल्लाला कोंडतात आणि म्हाताऱ्याला मोकळं सोडतात. तेही एक वेळ ठीक, पण मग पिल्लाच्या अंगातली वीज तशीच साठून राहते आणि दार उघडलं की सगळी एकदम कुणाच्या तरी डोक्यावर पडते. आमच्याकडे लवंगीला रात्रभर हॉल, स्वयंपाकघर, गेस्टरूम मोकळी, फक्त ओट्यावर काही ठेवायचं नाही. घोड्यांची शर्यत अजून होते. आम्ही दार लावून झोपतो. नवऱ्याचं पोट ट्रॅकमधून वगळलंय.

भाऊसाहेबांच्या जेवणात ओलं अन्न वाढवलं, त्यातही दोन चमचे कोमट पाणी. लघवी पातळ राहिली पाहिजे, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं होतं.

आणि लवंगीची शिकवणी आम्ही घेतली. सकाळी साडेसहाला, संध्याकाळी साडेसातला आणि रात्री साडेदहाला, दहा-पंधरा मिनिटं. काठी, दोरी, टोकाला पीस. पीस तिच्या तोंडासमोर नाचवायचं नसतं, ही गोष्ट मला नवऱ्याने शिकवली. उंदीर कधी मांजराकडे धावत येतो का? पीस पळतं, सोफ्यामागे दडतं, थांबतं, थोडं थरथरतं. लवंगी दबा धरते, बूड हलवते आणि झेपावते. पाच-सहा वेळा निसटू द्यायचं, मग मनसोक्त पकडू द्यायचं आणि लगेच जेवण. शिकार, पोटभर खाणं, अंग चाटणं, झोप. हा क्रम तिच्या रक्तातच आहे, आपण तो आपल्या घड्याळाला बांधायचा, बस्स. लेझरचा लाल ठिपका मी बंद केला. तो कधी हातात येतच नाही, त्यामुळे खेळ संपल्यावर ती अर्धा तास भिंतीकडे बघत बसायची आणि मग वैतागून भाऊसाहेबांची शेपटी. दोरी मात्र खेळ झाला की कपाटात. दोरा, रबरबँड, राखीची गोंडे, गिफ्टची रिबन मांजर गिळतं आणि आतडी गुंडाळून घेतं. ते ऑपरेशन साधं नसतं.

दिवसाच्या जेवणातला अर्धा कोरडा खाऊ आता अंड्याच्या ट्रेमध्ये जातो. रिकामा पुठ्ठ्याचा ट्रे, खड्ड्यांत चार-चार दाणे, वर कागदाचे बोळे. पंजाने एकेक काढताना बाईसाहेबांचे वीस मिनिटं जातात. मोकळं सोडलं तर मांजर दिवसाला दहा-वीस वेळा थोडं थोडं खातं, कारण एका उंदरात पोट भरत नाही. बाऊलमध्ये दोनदा ढीग ओतला की पाच मिनिटांत संपतो आणि उरलेले तेवीस तास पंचावन्न मिनिटं काय करायचं हा प्रश्न तिला पडतो. तिने शोधलेली उत्तरं वर दिलीच आहेत. (बाजारात यासाठी हजार-हजार रुपयांची प्लॅस्टिकची खेळणी मिळतात. एक आणलं होतं. लवंगी ते ज्या खोक्यातून आलं त्या खोक्यात राहते.)

सल्ल्यांचा पाऊस झाला, तो वेगळाच. पाण्याचा फवारा मारा. (मांजर एवढंच शिकतं, की ही बाई अधूनमधून पाणी उडवते.) मानगूट धरून उचला. नको, ते आईने तीन आठवड्यांच्या पिल्लाला करायचं असतं. एका मैत्रिणीचा सल्ला सगळ्यात भारी : "अजून एक पिल्लू आण!" हसू नका, यात तथ्य आहे. एकाच वयाची दोन पिल्लं एकमेकांना दमवतात, चावायची मर्यादा शिकवतात आणि म्हाताऱ्याला सोडून देतात. घरात वयस्क मांजर असेल आणि पिल्लू आणायचंच असेल, तर एकापेक्षा दोन भावंडं आणणं बरेचदा जास्त शहाणपणाचं असतं, असं मी आता कुणी विचारलं तर सांगते. पण चार म्हणजे पाच ट्रे. आमच्याकडे बाल्कनी एकच आहे.

मस्ती आणि छळ यातला फरक कसा ओळखायचा, हेही सारखं विचारलं जातं. मस्तीत पाळी असते. आता ही वर, मग ती वर. मध्ये थांबणं, अंग चाटणं आणि पुन्हा सुरू. आवाज फारसा नाही. लवंगी आणि बेबीचं असंच असतं, दिसायला महाभयंकर आणि दोघी खूश. एकच जण सतत पळतोय, कान मागे, शेपटी आपटतेय, आणि खेळ संपल्यावर तो लपतोय, तर ती मस्ती नव्हे. मग दोघांच्या मध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवायचा आणि पिल्लाला पिसामागे न्यायचं. हात मध्ये घालायचा नाही. नवऱ्याचा कोपर बघून जा कधीतरी.

खिडक्यांचं काम मात्र लवंगी बाहेर मोकळी फिरायला लागण्याआधीच उरकलं होतं. भाऊसाहेब आणि बेबी ग्रिलमध्ये नुसते बसत, पण पाखरामागे झेपावणाऱ्या पिल्लाला तिसरा मजला आणि तळमजला सारखाच. 'मांजर कसंही पडलं तरी पायावर पडतं' असं म्हणणाऱ्यांसाठी : न्यूयॉर्कच्या अ‍ॅनिमल मेडिकल सेंटरमधल्या दोन डॉक्टरांनी १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. उपचार केलेल्यांपैकी ९० टक्के जगली, आणि हा आकडा तेव्हापासून जगभर मिरवला जातोय. जी जागच्या जागी गेली, ती दवाखान्यात आलीच नसणार, हे कुणी मिरवत नाही. जबडा, छाती, पाय मोडून जगणं म्हणजे काय, तेही त्या आकड्यात नाही. कबुतरांसाठी लावतात तीच जाळी, फक्त कडा घट्ट बांधून आणि दर दोन महिन्यांनी ओढून बघायची.

तर महिना संपला. आता वर दोन आठवडे झालेत. भाऊसाहेबांची लघवी दोनदा तपासली, साफ आहे. पहिले दहा दिवस ते बेडरूमबाहेर आलेच नाहीत. मग एका सकाळी, लवंगी अंड्याच्या ट्रेमध्ये गुंतलेली असताना, हॉलमध्ये आले. बाल्कनीत उन्हात जाऊन बसले. लवंगीने बघितलं, दोन दाणे खाल्ले, पुन्हा बघितलं. मी पिसाची काठी हातात धरून तयार होते. ती आली, तीन फुटांवर थांबली. भाऊसाहेबांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणावर तरी फिस्कारून दाखवलं. लवंगी बसली आणि पंजा चाटायला लागली.

मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं. त्याने औंधच्या जोडप्याला. त्यांनी आता एका संस्थेकडून दोन भाऊ आणलेत, एकाच वेताचे. काठी-पिसाची लिंक मागत होते.

मैत्री वगैरे झालेली नाही, आणि ती व्हायला हवी असंही आमचं म्हणणं नाही. दुपारचं बेडरूमचं दार अजून दोन ते पाच बंदच असतं. रात्रीचंही. पॅसेजमध्ये आम्ही एक स्टूल ठेवलंय, म्हणजे एकजण वरून जाईल, एकजण खालून.

पुढच्या गुरुवारी लवंगीचं ऑपरेशन आहे. पाच महिने झाले आणि माद्या चार महिन्यांतही माजावर येऊ शकतात, तेव्हा उशीर करायचा नाही. ऑपरेशनची काळजी मला कमी आहे, घरी येण्याची जास्त. दवाखान्यात जाऊन आलेल्या मांजराला स्पिरिटचा, भुलीचा, परक्या हातांचा वास असतो आणि घरातली ओळखीची मांजरंही त्याच्यावर फिस्कारतात. बेबी-लवंगीचा करारही त्या संध्याकाळी मोडू शकतो. म्हणून पोपटी रंगाचा जुना टॉवेल गेले चार दिवस तिघांच्या झोपायच्या जागांवरून फिरतोय. काल तो भाऊसाहेबांच्या फळीवर होता, आज बेबीच्या खुर्चीत. गुरुवारी लवंगीला त्यात गुंडाळून आणायचं, पहिली रात्र गेस्टरूममध्ये, दार बंद. आत्ता हे लिहीत असताना टॉवेल सापडत नाहीये. हॉलमधून काहीतरी पोपटी, फार वेगाने, पडद्याच्या दिशेने गेलंय.